खुर्च्या भरल्या त्या दिवशी

शारजा
९ सप्टेंबर १९९६

प्रिय इन्साफ आत्या,

सलाम. सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली कॉफीची पुडी कस्टमवाल्याने तीन-चारदा हुंगून पाहिली आणि शेवटी हसून परत दिली. आता घरभर तुझ्या कहवाखान्याचा वास आहे. तुझी सून इग्लाल म्हणते, पडदे धुवायला काढावे लागणार.

बाबांच्या वर्षाला मला येता आलं, त्यांच्या कबरीपाशी तुझ्या शेजारी उभं राहता आलं, याचं फार समाधान वाटतं. पण आत्या, आता जे लिहितोय ते खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. तुझ्यासमोर धीर झाला नाही.

आठवडाभर मी रोज दुपारी कहवाखान्यात बसत होतो. आजोबांनी घातलेल्या त्या तीसेक खुर्च्या, आणि त्यांत कोण, तर मी, कोपऱ्यात पेंगणारे ते रिटायर मास्तर, आणि तुझी मांजर. खमीसकाका दिवसभर दाराच्या चौकटीला टेकून रस्त्याकडे बघत उभे. मधेच आत येतात, ग्लासांनी भरलेलं तबक घेऊन बाजारात जातात, रिकामे ग्लास घेऊन परत येतात. नोट काढून देणारा माणूस मला एकदाही दिसला नाही. हाज मुतवल्लींचं दोऱ्याचं दुकान, अंजेलबाईंचं बटणांचं दुकान, अख्ख्या सूत बाजाराला तू चहा पाजतेस आणि कुणाला काही वाटत नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मागून घ्यायची तुला लाज वाटते आणि लोक त्याचा फायदा घेतात.

मन्शियाच्या चौकातल्या एका बुटांच्या व्यापाऱ्याला ती जागा हवी आहे. पागडी चांगली देतोय. बाबांचा निम्मा वाटा आता माझ्या नावावर आलाय, बाकी निम्मा तुझा आहेच. तुझ्या वाट्यात तू उरलेलं आयुष्य मजेत काढशील. आमच्याकडे इथे येऊन राहा. समुद्र इथेही आहे. मुलींना आजीची माया मिळेल.

रागावू नकोस. तुझ्या काळजीपोटी लिहितोय.

तुझा,
हमदी

० ० ०

अलेक्झांड्रिया
२१ सप्टेंबर १९९६

हमदी बाळा,

देव तुला आणि पोरींना सुखात ठेवो. पत्र मिळालं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, माझ्या चष्म्याला ते काही झेपलं नाही. म्हणून खमीसने मोठ्याने वाचून दाखवलं. ‘दिवसभर दाराच्या चौकटीला टेकून’ असं आलं तिथे तो जरा थांबला, घसा खाकरला आणि पुढचं वाचू लागला. मोठ्या मनाचा माणूस आहे म्हणून, नाहीतर दुसऱ्या कुणी पत्र चुलीत घातलं असतं.

तू आठवडाभर माझ्या समोर बसलास. मी तुला रोज कॉफी दिली, तुझ्या बाबांसारखी, कमी साखरेची. तुला तोंड होतं, मला कान होते. एक प्रश्न विचारला असतास तर काय झालं असतं? पण नाही, साहेब मनातल्या मनात खुर्च्या मोजत बसले आणि दोन समुद्र ओलांडून गेल्यावर माझी कीव करायला लागले. मला कीव नको रे. या बाजारात मला मुअल्लिमा म्हणतात, धंद्याची मालकीण, आणि ते काही माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा भट्टी विझून पडली होती. मी बावीस वर्षांची विधवा पोर, मी ती पेटवली. ती आजवर विझलेली नाही.

तुझे बाबा बंदरावरून सुटले की रोज इथे येत. त्यांचाही निम्मा वाटा होता. त्यांनी मला जन्मात कधी विचारलं नाही की इन्साफ, तुझं कसं चाललंय. चाललंय हे त्यांना दिसत होतं.

रिकामं, रिकामं काय लावलंयस? अंजेलबाईच्या दुकानात सकाळपासून एक गिऱ्हाईक आलं तर ती म्हणते, आज दम लागला. तिचं कसं भागतं हे कधी मनात आलं तुझ्या? ते एक गिऱ्हाईक शर्टांच्या कारखान्याचं असतं. इथून दमनहूरपर्यंत जितके लोक गळ्यापर्यंत शर्ट लावून फिरतात ना, त्यांतले निम्मे तिच्या बटणांवर उभे आहेत. आणि तिचं दुकान बघून तुझ्यासारखा कुणीतरी म्हणत असेल, बिचारी म्हातारी, माश्या मारत बसते.

आणि एक सांगू? निम्मा वाटा मला म्हणजे निम्मा तुलाही. माझ्या निम्म्याचं काय करायचं ते तू बारकाईने लिहिलंस. तुझ्या निम्म्याचं पत्रात कुठे काही दिसलं नाही. खमीसला मी दोनदा शोधायला लावलं.

शारजाच्या समुद्राला वादळं नाहीत असं ऐकते. तसला समुद्र मला काय कामाचा? डिसेंबर लागताना दरवर्षी येतं ते कासिमचं वादळ येऊन गेलं की ये. तोवर कुठे सही करू नकोस.

तुझी आत्या,
इन्साफ

० ० ०

शारजा
८ ऑक्टोबर १९९६

प्रिय इन्साफ आत्या,

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. खमीसकाकांना माझा नमस्कार सांग आणि माफीही माग. ते आळशी आहेत असं मला म्हणायचं नव्हतं. कामच नसेल तर माणूस करणार काय, एवढंच म्हणायचं होतं.

तू माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण हिशेबावर रागावून काय होणार? मी इंजिनियर माणूस आहे. खाऱ्या पाण्याचं गोडं करण्याच्या कारखान्यात मी काम करतो. टाकीत पाणी येत नसेल तर नळातून पडणार नाही, एवढं मला कळतं. खुर्च्यांवर माणसं नाहीत आणि तबकं फुकट जातात. मग भट्टीचा गॅस, साखर, खमीसकाकांचा पगार कुठून येतो? मला अशी भीती वाटते की तू तुझ्या बांगड्या एकेक करून विकत असशील. मागच्या वेळी तुझे हात मला मोकळे दिसले होते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मनात आहे ते लिहितो.

माझ्या निम्म्याचं विचारलंस. ते महत्त्वाचं नाही.

आपण असं करू. १० डिसेंबरला, मंगळवारी दुपारी, मी बुटवाल्याला घेऊन येतो. तो जागा बघेल आणि मी खुर्च्या बघेन. निम्म्या जरी भरलेल्या दिसल्या तरी हा विषय मी आयुष्यात पुन्हा काढणार नाही. हा माझा शब्द आहे, आणि शब्द मोडायची आपल्या घराण्यात रीत नाही हे तूच शिकवलंस. पण रिकाम्या दिसल्या तर तूही हट्ट सोडायचा आणि सही करायची. कबूल?

तुझा,
हमदी

० ० ०

अलेक्झांड्रिया
२४ ऑक्टोबर १९९६

हमदी,

कबूल.

बांगड्यांचं म्हणशील तर साखरेच्या पाण्यात दिवसभर हात असतात, म्हणून मी त्या कपाटात ठेवते. शुक्रवारी घालते. तू शुक्रवारी झोपला होतास.

अक्षर मोठं काढलंस, शाबास. तरी पत्र वाचलं खमीसनेच. त्याला आता त्याची चटक लागली आहे. दोऱ्याचा मुतवल्ली नेमका तेव्हाच काहीतरी विचारायला आला आणि शेवटच्या ओळीपर्यंत हलला नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या नावाचं पत्र आलंय का? तर म्हणतो, मुअल्लिमा, मी आपला सावलीला उभा आहे. आत छपराखाली कसली सावली!

माझ्या चहाबद्दल मी तुला एक अक्षर सांगणार नाही. तू डोळ्यांनी बघणार म्हणतोस ना, तर बघ. येताना इग्लालला वेलदोडे पाठवायला सांग. तिकडचे चांगले असतात.

इन्साफ

० ० ०

शारजा
१५ डिसेंबर १९९६

माझी लाडकी आत्या,

त्याच संध्याकाळी कंपनीच्या कामाला परगावी जावं लागलं, काल रात्री इथे पोचलो आणि आज पहिलं काम हे पत्र. मी हरलो. इतक्या आनंदाने मी कधीच हरलो नव्हतो.

कुठून सुरुवात करू? आम्ही गल्लीच्या तोंडाशी होतो तेव्हाच डॉमिनो आपटल्याचा आवाज कानावर आला. आत पाहतो तर मुंगीला शिरायला जागा नाही. मी, त्या जागेचा निम्मा मालक, उभा. हाज मुतवल्लींनी उठून मला स्वतःची खुर्ची दिली. बाहेर फुटपाथवरही स्टुलं मांडलेली. अंजेलबाईंना तर मी कधी दुकानाबाहेर बसलेलं पाहिलं नव्हतं, त्या दारात बसून गरम दुधाचं सहलब पीत होत्या आणि मला बघून त्यांनी हात हलवला. खमीसकाका घाम पुसत या टेबलावरून त्या टेबलावर धावत होते. बुटवाला डोळे बारीक करून माणसं मोजायला लागला. त्याला मी तिथल्या तिथे सांगितलं की माफ करा, विषय संपला.

तू भट्टीमागून बाहेर आलीच नाहीस. चेहरा लाल झाला होता. इतक्या ऑर्डरी एकटीने सांभाळताना तुझी किती धांदल होत असेल, म्हणून मी मुद्दाम मधे आलो नाही, लांबूनच सलाम केला.

मागच्या खेपेला मी नेमका मंदीच्या दिवसांत आलो असेन, सगळे गावी गेले असतील. काही का असेना, शब्द म्हणजे शब्द. माझा वाटा आहे तसा राहील आणि तू असेपर्यंत त्या जागेला कुणी हात लावणार नाही.

आता विषय मिटलाच आहे तर खरं सांगतो. तू बरोबर ओळखलं होतंस. आम्हाला परत यायचंय. सीदी बिश्रमध्ये एक फ्लॅट पाहिला होता. इग्लालला त्याची समुद्राकडची गॅलरी फार आवडली. पागडीतल्या माझ्या वाट्यात तो बसला असता. तुझी काळजी खरी होती, पण ती एकटी नव्हती. आता राहू दे. फ्लॅट पुन्हा केव्हाही मिळेल, असा कहवाखाना मिळायचा नाही. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तुझाही.

तुझा,
हमदी

० ० ०

अलेक्झांड्रिया
२७ डिसेंबर १९९६

हमदी बाळा,

तुझं पत्र खमीसने हसत हसत वाचलं. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता मुअल्लिमा सरबत वाटणार. मी म्हटलं, कागद आण.

तू जे पाहिलंस ते खोटं होतं. खोटं मी केलेलं नाही, पण माझ्या छपराखाली झालं, म्हणून ते माझंच.

तुझ्या अटीचं पत्र मुतवल्लीने ऐकलं होतं. त्याने सगळ्या सूत बाजाराला सांगितलं की मंगळवारी दुपारी दुकानांची दारं ओढून घ्या आणि मुअल्लिमाकडे जाऊन बसा. दोरेवाले, अस्तरवाले, लेसवाले, सगळे आले. ज्यांनी जन्मात डॉमिनो हातात धरला नाही ते तो आपटत होते. मला कुणी विचारलं नाही. मी भट्टीवर होते, वर बघते तर खुर्च्या भरताहेत, आणि काय चाललंय हे कळेपर्यंत तू त्या बुटवाल्याला घेऊन दारात उभा. पाहुण्यासमोर शेजाऱ्यांना उठवायचं नाही, एवढी रीत मला आहे. म्हणून मी भट्टीमागे उभी राहिले. चेहरा लाल होता तो धांदलीने नव्हे बाबा, संतापाने.

तुम्ही कोपऱ्यावर वळलात तशी मी बाहेर आले आणि म्हणाले, “उठा सगळे. माझ्या दारात भीक घालायला आलात का?”

मुतवल्ली बिचारा उभा राहिला. “मुअल्लिमा, तुमच्यासाठीच केलं. जागा गेली तर आम्ही काय करायचं?”

मी म्हटलं, “माझ्यासाठी करायचंय ना? मग जाऊन दुकान उघड. मी चहा पाठवते.”

गेले सगळे, शाळेतून सोडल्यासारखे. अंजेलबाई तेवढी सहलब संपवून गेली.

आता त्या मंगळवारी धंदा किती झाला ते ऐक. एकेकाने एकेक ग्लास घेतला आणि तो थंडगार होईपर्यंत धरून बसला. दुकानं बंद म्हणजे गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे त्याच्यासाठी चहा नाही. तू ज्याला रिकामा दिवस म्हणतोस ना, त्या दिवशी जातो त्याच्या चौथाईसुद्धा चहा त्या भरलेल्या दिवशी गेला नाही. कासिमच्या वादळात अर्धा बाजार पाण्याखाली होता तेव्हाही याहून जास्त गेला होता. वाईटातला वाईट दिवस म्हणून मी तो लक्षात ठेवीन, आणि तू मला त्याच दिवसाची शाबासकी देतोयस.

तुला मी म्हटलं होतं की चहाबद्दल एक अक्षर सांगणार नाही. ताठा होता. आता सांगते, कारण आता न सांगणं म्हणजे खोटं बोलणं.

माझं गिऱ्हाईक खुर्चीवर बसत नाही. ते बाजारात बसतं. तनतावरून शिंपी येतो, मुतवल्लीच्या गादीवर बसतो. बसला की पहिला चहा. चहाशिवाय कुणी कुणाला भाव सांगत नाही. भाव फिसकटला की दुसरा चहा, म्हणजे तो उठून जाऊ नये. जुळला की कॉफी. असं प्रत्येक दुकानात, दिवसभर. हे चहा देतं कोण? इन्साफ देते. खमीस दाराला टेकून रस्ता बघत नसतो रे, तो हात बघत असतो. दुकानदार दारात येतो आणि हात वर करतो. जितकी बोटं तितके ग्लास. बोटं वर तर चहा, खाली तर कॉफी, तळहात हलवला तर साखर जास्त. ओरडायचं नाही, कारण गिऱ्हाइकासमोर ओरडलं तर त्याला वाटतं आपल्यासाठी खर्च होतोय. तू आठवडाभर खमीसच्या पाठीमागे बसलास, म्हणून तुला फक्त त्याची पाठ दिसली.

आणि फुकट? बशीत परत येणाऱ्या पितळी चकत्या तुझ्या नजरेला पडल्या नाहीत? प्रत्येक दुकान आठवड्याच्या चकत्या माझ्याकडून रोख पैसे देऊन आधीच नेतं. ग्लास रिकामा झाला की बशीत चकती टाकायची. दिवसभर पैसे तुझ्या नाकासमोरून येत होते, फक्त ते पितळेचे होते आणि तू कागदाचे शोधत होतास. बाजाराने माझा एक घोटही कधी फुकट घेतलेला नाही. हे मी छाती पुढे काढून सांगते, माझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

भाडं तुझ्या आजोबांच्या काळचं आहे. इमारतीचा मालक घेताना तोंड वाकडं करतो, पण कायदा आहे, घेतो.

तू आता म्हणशील, मग खुर्च्या कशाला? भट्टी ठेव आणि पुढची जागा बुटवाल्याला दे. इंजिनियर आहेस, म्हणणारच. तर ऐक. मुतवल्ली आणि त्याचा धाकटा भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भिंतीला भिंत लागून दुकानं, आणि सलाम नाही. एक दिवस दोघं इथे कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसले. भरलेल्या हॉटेलात भाऊ भावापुढे रडत नाही. मी मास्तरांना बाहेर स्टूल दिलं, मांजरीलाही हाकललं. तीन दुपारी लागल्या. आता त्यांची पोरं एका ताटात जेवतात. इथेच सोयरिकी जमतात, इथेच ज्याचा माल बुडालाय तो येऊन भिंतीकडे तोंड करून बसतो आणि त्याला कुणी काय झालं म्हणून विचारत नाही. पलीकडच्या गल्लीत माझ्यापेक्षा स्वस्त चहा मिळतो. तरी बाजार माझीच चकती घेतो, कारण प्रत्येकाला माहीत आहे की कधीतरी आपल्यालाही ती रिकामी खुर्ची लागणार. त्या मी रिकाम्या ठेवते, हमदी. पडल्या म्हणून रिकाम्या नाहीत.

आता कामाचं. तू शब्द दिलास तो तमाशा बघून दिलास. असा शब्द मला नको, तो परत घे. तुला फ्लॅट हवाय हे तू लिहिलंस, बरं केलंस. माणसाने आपल्या गावी परत यावं, यात लाजण्यासारखं काय आहे? आता खरं काय ते तुझ्यापुढे आहे. माझ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, तुझ्या अटीप्रमाणे मी हरले, आणि सही करायला मी कबूल आहे. तू बोलावलंस की येईन, शुक्रवारच्या बांगड्या घालून येईन. पण जागा विकलीस तर माझी दया येऊन विकू नकोस, आणि ठेवलीस तर गर्दी बघून ठेवू नकोस.

रमजान जवळ आला. मग दिवसा भट्टी बंद, संध्याकाळी उपवास सोडायची तोफ झाली की सुरू. तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी आत्या,
इन्साफ

० ० ०

शारजा
१२ जानेवारी १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र इफ्तारच्या आधी आलं. मी वाचत बसलो आणि समोर मांडलेला खजूर तसाच राहिला. इग्लालने दोनदा हाक मारली म्हणे.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी बुटवाल्याचा फोन आला होता. मंगळवारची गर्दी बघून त्याचं डोकं फिरलंय. म्हणाला, एवढी माणसं रोज जिथे येतात ती जागा मला हवीच, पागडी दुप्पट करतो. दुप्पट, आत्या. फ्लॅट, गॅलरी आणि गॅलरीत टाकायच्या वेताच्या खुर्च्या, सगळं त्यात आलं असतं. मी त्याला म्हटलं होतं की आत्याला शब्द दिलाय. तो म्हणाला, विचार करा. आणि खोटं कशाला बोलू, मी रात्रभर विचार केला होता.

मग तुझं पत्र आलं आणि तू माझा शब्द मला परत दिलास. म्हणजे मी मोकळा. तुझी कबुली हातात, दुप्पट पागडी समोर, आणि गर्दी खोटी आहे हे बुटवाल्याला माहीत नाही. मी गप्प बसलो असतो तरी पुरे होतं.

इग्लालला पत्र वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, “तुझ्या आत्याला जिंकायला काहीच करायचं नव्हतं. हे पत्र लिहिलं नसतं तरी झालं असतं.” मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. गॅलरीचं नाव तिने त्यानंतर काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बुटवाल्याला फोन केला. आधी सांगितलं की जागा विकायची नाही. मग सांगितलं की तुम्ही पाहिलीत ती गर्दी एका दिवसापुरती होती, रोज तिथे एक मास्तर आणि एक मांजर बसते. तो म्हणाला, “साहेब, बुटांच्या दुकानासमोरून पाय चालावे लागतात. रिकाम्या जागेचं मी काय करू?” आणि फोन ठेवला. म्हणजे ज्या रिकाम्या खुर्च्यांमुळे मी जागा विकायला निघालो होतो त्यांनीच गिऱ्हाईक पळवलं. पण तो गेला म्हणून मी थांबलो असं समजू नकोस. आधी मी नाही म्हटलं, गर्दी खोटी असल्याचं मग सांगितलं. हा क्रम तू नीट लक्षात ठेव, कारण मला त्याचा अभिमान आहे.

तू परत दिलेला शब्द मी पुन्हा तुलाच देतो. या वेळी रिकाम्या खुर्च्या बघून देतोय.

एकच विचारायचं राहिलं. बाबा बंदरावरून रोज येऊन कॉफी घ्यायचे. ते तर निम्मे मालक होते. त्यांची कॉफी तरी फुकट होती ना?

तुझा,
हमदी

० ० ०

अलेक्झांड्रिया
२० फेब्रुवारी १९९७

हमदी बाळा,

ईद मुबारक, उशिरा का होईना. इग्लालचे वेलदोडे मिळाले. तिला सांग, समुद्र दिसणारी गॅलरी या गावात एकच नाही. अंजेलबाईची बहीण अथेन्सला मुलाकडे जायचं म्हणते आहे, तिची जागा समुद्रापासून दोन गल्ल्या आत आहे, पण गच्चीवरून दिसतो. पक्कं काही नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर बोलणं चाललंय.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं. खमीसला दिलं नाही. मुतवल्ली दोनदा येऊन दोऱ्याच्या रिळाबद्दल काहीतरी विचारून गेला, मी त्याला काही सांगितलं नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हटलं, जागा राहिली. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, धूळ आहे. मग दुकानाच्या दारात गेला आणि दोन्ही हात वर केले, दहाही बोटं. सगळ्या बाजाराला चहा. त्याच्या चकत्या त्या दिवशी संपल्या.

बाबांची कॉफी फुकट होती का विचारतोस. पाकिटात हात घाल. ती पितळी चकती त्यांची आहे. कडेला खाच पाडलेली, म्हणजे इतरांच्यात मिसळू नये. बंदरावरचा पगार झाला की ते माझ्याकडून चकत्या घ्यायचे, दुकानदार घेतात तशाच. मी एकदा म्हटलं होतं, दादा, जागा तुझीही आहे. ते म्हणाले, म्हणूनच. शेवटची कॉफी पिऊन गेले त्या दिवशी ही बशीत होती. ती मी पेटीत टाकली नाही. भट्टीवरच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. तू आठवडाभर तिच्यासमोर बसलास.

आता निम्मा मालक तू आहेस. ती जपून ठेवायची नाही, वापरायची आहे. येशील तेव्हा आधी आत येऊ नकोस. समोरच्या फुटपाथवर उभा राहा आणि एक बोट खाली कर. साखरेचं सांगायला नको, ते मला माहीत आहे. खमीस दाराच्या चौकटीला टेकून उभा असेलच.

तुझी आत्या,
इन्साफ